ऐकणारा मतदार : सन १९७७

१९७७ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेला रविवार होता. त्या दिवशी लोकसभेच्या निवडणुकीतील मतदानाचा अखेरचा टप्पा आटोपला आणि मतमोजणीस प्रारंभ झाला. संध्याकाळपासून गावोगावी, चहाच्या दुकानांपाशी, पानाच्या टपऱ्यांपुढे आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून ट्रान्झिस्टरभोवती माणसे जमू लागली. आकाशवाणी निकालामागून निकाल सांगत होती. अमुक मतदारसंघातून अमुक उमेदवार निवडून आले, तमुक ठिकाणी तमुक आघाडीवर आहेत, असा तो ओघ चालू होता. त्यात एक नाव मात्र येत नव्हते. ते नाव रायबरेलीचे. तेथून पंतप्रधान इंदिरा गांधी उभ्या होत्या, आणि देशातील कोणत्याही मतदारसंघापेक्षा त्या मतदारसंघाविषयी लोकांस अधिक उत्सुकता होती. रात्र चढत गेली, तरी आकाशवाणी रायबरेलीविषयी बोलेना. तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेल्या श्रोत्यांनी आपापला निष्कर्ष काढला : ज्या अर्थी सांगत नाहीत, त्या अर्थी गेली!

तो निष्कर्ष बरोबर होता. राजनारायण यांनी ५५,२०२ मतांनी ती जागा जिंकली होती. १९७१ साली त्याच राजनारायण यांचा त्याच जागी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव झाला होता. परंतु येथे महत्त्व त्या आकड्यांचे नाही. जी बातमी सांगितलीच गेली नाही, ती कोट्यवधी लोकांनी ऐकली, हे त्या रात्रीचे खरे नवल होय. मौनाचा अर्थ लावण्याची ही विद्या त्यांना एका रात्रीत अवगत झाली नव्हती. तिचे धडे त्यांनी एकवीस महिने गिरविले होते, आणि ते धडे देणारी शाळा म्हणजे, दुर्दैवाने, आपली नभोवाणीच होती.

वृत्तपत्रे एक म्हणतात आणि मतदार दुसरेच करतो, हा प्रकार आपल्या देशात त्यापूर्वीही घडलेला होता. १९७१ सालच्या निवडणुकीत मोठमोठ्या इंग्रजी दैनिकांपैकी बहुतेकांचा सूर इंदिराबाईंना प्रतिकूल होता. त्यांना बहुमत मिळेल की नाही, याची चर्चा अग्रलेखांतून रंगली होती. मतदारांनी त्यांना ३५२ जागा दिल्या. त्या वेळी वृत्तपत्रांना लोकांची नाडी कळली नाही असे म्हणून सर्वांनी तो विषय सोडून दिला. वस्तुतः त्यात एक सूचना होती. छापलेला शब्द वाचावा, नभोवाणीवरचा शब्द ऐकावा, आणि मत देताना मात्र आपल्या दाराशी काय घडले त्याचा हिशेब करावा, ही भारतीय मतदाराची रीत होती. सहा वर्षांनी त्या रीतीचा फटका सरकारला बसला, इतकेच.

१९७५ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीची १९७१ सालची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. त्याच रात्री दिल्लीतील बहादूरशहा जफर मार्गावर, जेथे राजधानीतील अनेक वृत्तपत्रांची कार्यालये व छापखाने तेव्हा ओळीने उभे होते, तेथील वीज तोडण्यात आली. त्यामुळे २६ जूनच्या सकाळी ती वृत्तपत्रे वाचकांच्या हाती पडली नाहीत. देशाला आणीबाणीची वार्ता कळली ती पंतप्रधानांच्या आवाजात, आकाशवाणीवरून. म्हणजे एक मुख बंद करून दुसऱ्या मुखाने बोलण्याचा तो आरंभच होता. सामान्य माणसाला कायद्याची कलमे समजत नसली, तरी हा क्रम समजत होता.

पुढे जे झाले त्याची हकीकत आता सर्वश्रुत आहे. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. तेव्हा कोऱ्या जागा सोडण्यासही मनाई झाली! शब्द नको हे एक वेळ समजू शकते. पण शब्दांचा अभावही नको, असे म्हणणाऱ्या सत्तेने स्वतःच्याच भीतीची जाहिरात केली. मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या छोट्या जाहिरातींत कोणा चतुर माणसाने एक निधनवार्ता छापून आणली. मृताचे नाव अशा खुबीने फोडून लिहिले होते की, जुळवून वाचणाऱ्यास 'डेमॉक्रसी' हा शब्द दिसावा. पत्नीचे नाव सत्य, अपत्याचे नाव स्वातंत्र्य. नियंत्रकांच्या डोळ्यांतून ती निसटली आणि मुंबईच्या लोकलगाड्यांतून मिटक्या मारीत वाचली गेली. वृत्तपत्राच्या अखेरच्या पानावरची, बारीक टायपातली जाहिरात हीच दिवसाची मुख्य बातमी असू शकते, हे वाचक त्या दिवशी शिकला.

१९७६ सालच्या फेब्रुवारीत देशातील चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था करण्यात आली. वृत्तपत्रे आणि नभोवाणी या दोहोंनी पाणी भरायचे ते एकाच आडावर. संसदेतील कामकाज निर्भयपणे छापण्याची हमी देणारा १९५६ सालचा कायदा रद्द झाला. तो कायदा संसदेत आणला होता फिरोज गांधी यांनी. इतिहासाला कधी कधी असा निर्दय विनोद सुचतो.

आकाशवाणीची गत याहून अवघड होती, कारण तिला बंद करण्याची गरजच नव्हती. ती सरकारचीच होती. १९७५ साली आकाशवाणीच्या केंद्रप्रमुखांपुढे बोलताना पंतप्रधानांनी विश्वासार्हतेच्या प्रश्नाची बोळवण केली. ही सरकारी संस्था आहे व तशीच राहणार, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वावगे काहीच नव्हते. कायद्याने ते खरेच होते. परंतु सरकारी खाते म्हणून ऐकायचे की बातमी म्हणून, हा निर्णय खात्याच्या हाती नसून श्रोत्याच्या हाती असतो, ही गोष्ट नजरेआड झाली. संजय गांधी हे कोणत्याही शासकीय पदावर नव्हते. तरी त्यांचे दौरे, त्यांची भाषणे, त्यांनी लावलेली झाडे यांचे वृत्त बातमीपत्रांतून पुन्हा पुन्हा येऊ लागले. गिरण्या वेळेवर चालतात, गाड्या वेळेवर धावतात, भाव उतरले आहेत, हे रोज सांगण्यात येई. त्यातील काही खरेही होते. पण ज्याच्या तोंडी कधीच वाईट बातमी येत नाही, त्याची चांगली बातमीही लोक चिमूटभर मीठ टाकूनच चाखतात.

१९७६ सालच्या मे महिन्यात आणखी एक प्रकार घडला. वरकरणी तो क्षुल्लक होता, पण त्याचा परिणाम फार दूरवर गेला. किशोरकुमार या लोकप्रिय गायकाने सरकारी कार्यक्रमांशी सहकार्य करण्यास नकार दिला, म्हणून त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून वगळण्यात आली. ज्या घरात कोणी अग्रलेख वाचीत नसे, ज्या गाड्यावर वर्तमानपत्र केवळ भजी बांधण्यापुरते येई, तेथेही विविध भारती ऐकली जात होती. कालपर्यंत लागणारा एक आवाज आज लागत नाही, हे कळण्यास साक्षरतेची गरज नव्हती. आणीबाणी म्हणजे काय, हे पुष्कळ तरुणांना प्रथम कळले ते बहुधा या गाळलेल्या गाण्यांवरून.

महाराष्ट्रातही हे धडे चालू होते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी उघड निषेध केला; पुढे त्यांना कारावास भोगावा लागला. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकावर नियंत्रकाने फिरविलेल्या कात्रीचा खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९७६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने असा निवाडा दिला की, सरकारवर टीका करणे म्हणजे देशाची सुरक्षितता धोक्यात आणणे नव्हे, आणि सर्वांस एकच सूर लावावयास भाग पाडणे हे नियंत्रकाचे काम नव्हे. या निवाड्याची वार्ता मोठ्या मथळ्यांनी छापली जाणे अर्थातच शक्य नव्हते. ती वकिलांच्या खोल्यांतून, प्राध्यापकांच्या बैठकांतून, टंकलिखित प्रतींतून फिरली.

अशा अवस्थेत १८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधानांचा आवाज पुन्हा आकाशवाणीवर आला. लोकसभा विसर्जित होत असून मार्चमध्ये निवडणुका होतील, असे त्यांनी जाहीर केले. नेते तुरुंगांतून सुटू लागले, वृत्तनियंत्रण सैल करण्यात आले, आणि २३ जानेवारीस चार पक्षांनी मिळून जनता पक्षाची घोषणा केली. इंदिराबाईंनी निवडणुका का घेतल्या, याविषयी आजवर पुष्कळ तर्क लढविले गेले आहेत. त्यांपैकी एक तर्क येथे विशेष प्रस्तुत आहे : ज्यांनी सर्वांची तोंडे बंद केली, त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंतही मग केवळ गोड वार्ताच पोहोचू लागल्या. हा तर्क पूर्णांशाने सिद्ध करता येणार नाही. परंतु तो अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. वृत्तनियंत्रणाचा पहिला बळी वाचक असतो, असे आपण समजतो. पहिला बळी नियंत्रक असण्याचाही संभव आहे.

या घोषणेवर मतदारांची पहिली प्रतिक्रिया कोणती झाली? जल्लोष? मुळीच नाही. त्यांची पहिली प्रतिक्रिया म्हणजे गप्प बसणे. जानेवारीच्या अखेरीस खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या बातमीदारांना लोक काही सांगेनात. कोणास मत देणार, असे विचारले तर पाहू, अजून वेळ आहे, घरातल्यांना विचारू, अशी उत्तरे मिळत. या मौनाचा अर्थ काहींनी उदासीनता असा लावला, तर काहींनी काँग्रेसला मूक संमती असा. दोन्ही अर्थ चुकले. आणीबाणी केवळ शिथिल झाली होती, उठली नव्हती. पोलीस, तलाठी, मास्तर आणि मामलेदार तेच होते. परक्या माणसापाशी मन मोकळे करण्याइतका विश्वास त्या एकवीस महिन्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. शिवाय गुप्त मतदान खरोखरच गुप्त असते काय, ही शंका अनेकांच्या मनात होती. नोंदवह्या घेऊन फिरणाऱ्यांना लोकमत सापडले नाही, याचा दोष त्यांच्या वह्यांस देण्याचे कारण नाही. लोकांनी सरकारी बातमी ऐकताना जी सावधगिरी अंगी बाणविली होती, तीच त्यांनी बातमीदाराशी बोलताना दाखविली.

ही कोंडी फुटली ती फेब्रुवारीच्या २ तारखेला. त्या दिवशी ज्येष्ठ मंत्री बाबू जगजीवनराम यांनी राजीनामा दिला आणि हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी यांच्यासह लोकशाही काँग्रेस स्थापन केली. आणीबाणीच्या संमतीचा ठराव लोकसभेत ज्यांनी मांडला, त्याच हातांनी हा राजीनामा लिहिला, ही विसंगती लोकांच्या ध्यानात होती. तथापि लोकांनी तिचा हिशेब वेगळ्या रीतीने केला. इतका आतला माणूस बाहेर पडतो आहे, तेव्हा बुरुजाला तडा गेला असला पाहिजे, असा त्यांनी अर्थ काढला. भीती ओसरू लागली.

त्यानंतर चार दिवसांनी, रविवार ६ फेब्रुवारी रोजी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची प्रचंड सभा व्हावयाची होती. जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम तेथे बोलणार होते. त्या सायंकाळी दूरदर्शनने 'बॉबी' हा चित्रपट दाखविला. राज कपूर यांचा १९७३ सालचा हा चित्रपट म्हणजे त्या काळातील तरुण पिढीचे वेड. दूरदर्शनवर सहसा जुने, झिजलेले चित्रपट लागत; इतका ताजा आणि गाजलेला चित्रपट घरबसल्या फुकट पाहावयास मिळणे हा अपूर्व योग होता. दिल्लीकरांना त्यामागील हेतू कळण्यास क्षणाचाही विलंब लागला नाही. सभेला जनसागर लोटला. बाबूंनी बॉबीला हरविले, असा मथळा दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राने दिला आणि तो लोकांच्या तोंडी बसला.

या प्रसंगाचा गाजावाजा पुष्कळ झाला आहे. पण त्यातील मर्म वेगळेच आहे. लोक 'बॉबी'ला कंटाळले होते असे नव्हे. इतर कोणत्याही रविवारी त्यांनी तो आवडीने पाहिला असता. परंतु प्रेक्षक आता पडद्यावरील चित्रापेक्षा ते दाखविणाऱ्या हाताकडे पाहू लागला होता. एकदा ही दृष्टी आली की कोणतेही प्रचारसाधन निरुपयोगी होते. इतकेच नव्हे, तर ते उलटे फिरते. चित्रपट लागला यावरूनच लोकांना सभा किती महत्त्वाची आहे हे कळले!

निवडणुकीच्या त्या सात-आठ आठवड्यांत प्रचाराची खरी वाहने कोणती होती? आजच्या मापाने पाहता ती अगदी साधी होती. सभा, पायी फिरून वाटलेली पत्रके, भिंतींवरील रंगविलेली अक्षरे, आणि तोंडातोंडी पसरणारी वार्ता. विरोधी पक्षांपाशी पैसा नव्हता. सभा संपताना कार्यकर्ते चादरी धरून श्रोत्यांतून फिरत आणि लोक त्यांत नाणी व नोटा टाकीत. सभेला माणसे आणावी लागत नसून माणसे उलट पैसे देऊन जातात, हे दृश्य पाहणाऱ्याला जे कळत होते, ते कोणत्याही बातमीपत्रात नव्हते. महाराष्ट्रात पु. ल. देशपांडे प्रचारात उतरले. ज्यांना लोक आजवर हसविणारा माणूस म्हणून ओळखत, ते गंभीर विषयावर बोलावयास उभे राहिले, यातच परिस्थितीचे गांभीर्य श्रोत्यांना जाणवले असले पाहिजे.

काँग्रेसचे चिन्ह गाय-वासरू. या निरुपद्रवी चित्रात लोकांनी माता-पुत्राची जोडी पाहिली, आणि त्यावर उभ्या हिंदुस्थानात विनोदांचे पीक आले. जनता पक्षाला स्वतःचे चिन्ह मिळण्यास अवधी नव्हता. म्हणून बहुतेक ठिकाणी त्याने भारतीय लोकदलाचा चक्रातील नांगरधारी शेतकरी उसना घेतला. दीड महिन्यात हे अपरिचित चिन्ह निरक्षर मतदारापर्यंत कसे पोहोचणार, असा प्रश्न पंडितांना पडला होता. तो पोहोचला, आणि तोही नभोवाणीच्या फारशा साहाय्याविना. बिहारमधील मुझफ्फरपूरहून जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच उभे होते. ते स्वतः एकदाही मतदारांपुढे येऊ शकले नाहीत. त्यांचे बेड्या घातलेल्या अवस्थेतील छायाचित्र मात्र गावोगाव फिरले. ते तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. बोलण्यास मनाई असलेल्या उमेदवाराचे बेड्यांतील हातच बोलले.

यासमवेत आणखी एक आवाज होता, तो परदेशातून येणारा. बी. बी. सी.च्या हिंदी बातम्या ऐकण्याचा प्रघात उत्तर भारतात पूर्वीपासून होता. आणीबाणीत तो वाढला. मार्क टली हे तिचे दिल्लीतील प्रतिनिधी. वृत्तनियंत्रणाच्या अटी त्या संस्थेने मान्य न केल्यामुळे १९७५ साली त्यांना देश सोडावा लागला होता. रात्री दार लावून, आवाज बारीक करून लंडन ऐकायचे, आणि सकाळी दिल्लीच्या बातमीशी ताडून पाहायचे, असा नेम कितीतरी घरांतून चालला. पिकल्या वयाच्या माणसांना यात जुनी ओळख पटली असेल. १९४२ साली परकीय सरकारची नभोवाणी बाजूला सारून त्यांनी असेच चोरून भूमिगत आकाशवाणीकडे कान लावले होते. स्वराज्यात तीच पाळी यावी, आणि तीही लंडनचे बोल ऐकण्याची, हे ज्यांनी अनुभवले त्यांच्या मनाचा सल कोणत्या आकडेवारीत सापडणार?

येथवरची हकीकत ऐकून कोणास वाटेल की, सरकारी प्रचाराने अतिरेक केला, त्याची प्रतिक्रिया झाली, आणि मतदार चिडून उठला. ही उपपत्ती सोपी आहे, गोड आहे. पण तिच्या आड एक मोठा डोंगर उभा आहे, तो म्हणजे दक्षिणेचा निकाल.

उत्तर प्रदेशातील ८५ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. बिहारातील ५४ पैकी एकही नाही. दिल्ली, हरियाणा, पंजाब, हिमाचल प्रदेश येथेही शून्यच. मध्य प्रदेशात एक, राजस्थानात एक. आणि त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, कर्नाटकातील २८ पैकी २६. केरळात व तामिळनाडूतही काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष विजयी झाले. नभोवाणी तर दोन्हीकडे एकच होती! हैदराबादच्या आणि लखनौच्या बातमीपत्रांची भाषा तेवढी निराळी, मजकूर दिल्लीचाच. तेच 'समाचार', तेच नियंत्रण, तीच स्तुतिस्तोत्रे. मग एकाच बोलण्याचे असे दोन परस्परविरुद्ध परिणाम कसे झाले?

याचे उत्तर नभोवाणीत शोधून मिळणार नाही. ते नसबंदीच्या छावण्यांत, पाडलेल्या वस्त्यांत आणि पोलिसांनी वेढलेल्या खेड्यांत शोधावे लागते. १९७५-७६ मध्ये देशात नसबंदीच्या सुमारे २७ लाख शस्त्रक्रिया झाल्या होत्या. १९७६-७७ मध्ये त्या ८२ लाखांवर गेल्या. उत्तरेत या मोहिमेने जबरदस्तीचे रूप धारण केले. शिक्षकांना, तलाठ्यांना माणसे आणून देण्याचे आकडे ठरवून देण्यात आले. आकडा भरला नाही तर पगार अडे. हरियाणातील उटावर या गावाला १९७६ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना धरून नेले. मुझफ्फरनगर येथे त्यापूर्वी ऑक्टोबरात गोळीबार झाला होता. दिल्लीच्या तुर्कमान गेटपाशी एप्रिलमध्ये घरे पाडताना झाला होता. यांपैकी काहीही नभोवाणीने सांगितले नाही, वृत्तपत्रांना छापता आले नाही. परंतु उटावरच्या माणसाला उटावरची बातमी नभोवाणीवरून कळावी लागत नाही. तो ती आपल्या सोयऱ्याला सांगतो, सोयरा बाजाराच्या दिवशी दुसऱ्याला, आणि जी बातमी अशी पायी चालते ती वाटेत वाढत जाते.

वाढत जाते, हेही सांगितलेच पाहिजे. मरणाऱ्यांचे आकडे अफवेत फुगले. शाळेत मुलांना टोचली जाणारी लस ही वस्तुतः नसबंदीचीच सुई होय, असली वावडी उठली आणि भ्यालेल्या आईबापांनी मुले शाळेतून घरी आणली. खरी बातमी कोंडली की तिच्या जागी केवळ सत्य येत नाही. सत्य आणि कंडी हातात हात घालून येतात, आणि त्यांना वेगळे करण्याचा अधिकार असणारा आवाज तेव्हा कोणापाशीच उरत नाही. सरकारने त्या वेळी एखाद्या वावडीचे खरोखर प्रामाणिक खंडन केले असते, तरी त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. आकाशवाणीची ही हानी कोणत्याही पक्षाच्या पराभवाहून मोठी होती.

दक्षिणेत जबरदस्तीचा हा वरवंटा त्या प्रमाणात फिरला नाही. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या राजवटीत कुळांना जमिनी आणि गरिबांना घरांसाठी जागा मिळत होत्या. तेथील मतदारानेही नभोवाणी ऐकली. आपल्या दाराशी पाहिले. आणि ऐकलेले व पाहिलेले यांत त्याला उत्तरेइतकी तफावत आढळली नाही. दक्षिणेचा मतदार भोळा आणि उत्तरेचा चाणाक्ष, असे जे त्या काळी कोणी कोणी बोलले, ते न्यायाचे नव्हे. दोघांनी एकाच तराजूत तोलले. पारड्यातील माल वेगळा होता.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये पडला. ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या, जनता पक्षाला १९. शेतकरी कामगार पक्षाला ५, मार्क्सवादी कम्युनिस्टांना ३, आणि रिपब्लिकन पक्षाच्या एका गटाला १. मुंबईतील सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोन झुंजार स्त्रिया मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. पुण्यातून मोहन धारिया, राजापुरातून मधु दंडवते निवडून आले. उलट साताऱ्याने यशवंतराव चव्हाणांची साथ सोडली नाही, आणि विदर्भाने तर मुख्यतः काँग्रेसलाच कौल दिला. या राज्यातही नसबंदीची सक्ती घडली होती. बार्शीतील प्रकार कानोकानी गेला होता. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली मुंबईच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते तसेच राहिले. म्हणून केवळ नसबंदीच्या मापाने महाराष्ट्राचा निकाल मोजता येत नाही. सहकारी कारखाने, जिल्हा परिषदा, गावचे पुढारी आणि जुनी निष्ठा, या सर्वांचे वजन त्यात होते. विदर्भातील एखाद्या खेड्यात जयप्रकाशांच्या नावापेक्षा गावच्या पाटलाचा शब्द अधिक चालला असेल, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. मतदार आकाशातील वाणीपेक्षा ओसरीवरील वाणीला अधिक मान देतो, हा अनुभव दोन्ही पक्षांना सारखाच येतो.

१६ मार्चला मतदान सुरू झाले. यादीवर सुमारे ३२ कोटी मतदार होते. त्यांपैकी साठ टक्क्यांहून किंचित अधिक लोकांनी मत दिले. १९७१ सालचे प्रमाण पंचावन्न टक्के होते. ज्यांनी जानेवारीत बातमीदाराशी बोलण्याचे टाळले, ते मार्चमध्ये रांगेत उभे होते.

आणि मग २० मार्चची ती रात्र. दिल्लीतील लोकांनी ट्रान्झिस्टरवर विसंबणे सोडून बहादूरशहा जफर मार्गाची वाट धरली. ज्या रस्त्यावरील वीज २५ जून १९७५ च्या रात्री तोडली होती, त्याच रस्त्यावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांपुढे माणसांचे थवे उभे राहिले आणि लावल्या जाणाऱ्या निकालांवर डोळे खिळवून बसले. इंदिराबाई पराभूत झाल्या, संजय गांधी अमेठीत पाऊण लाखाहून अधिक मतांनी पडले, ही वार्ता त्या रस्त्यावर फुटली, लंडनने ती जगाला दिली, आणि दिल्लीची नभोवाणी अजून इतर मतदारसंघांचे आकडे सांगत होती. तेथे कामावर असलेल्या निवेदकांची त्या रात्री काय अवस्था झाली असेल! कागद समोर नाही तोवर वाचता येत नाही, आणि कागदावर काय असावयास हवे हे खिडकीबाहेरील फटाके सांगत आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ जण या व्यवसायात सचोटीने आयुष्य घालविलेले होते. आणीबाणीच्या इतिहासात त्यांच्या त्या लाजेची नोंद सहसा कोणी घेत नाही. २१ मार्चला आणीबाणी मागे घेण्यात आली.

नव्या सरकारने १९७७ च्या ऑगस्टमध्ये प्रचारसाधनांच्या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका काढली. निवडणुकीच्या काळात राजकीय पक्षांना आकाशवाणीवरून आपल्या तोंडाने आपले म्हणणे मांडू देण्याची प्रथा त्याच वर्षापासून रुळू लागली. तिच्याविषयीची चर्चा पूर्वी अनेकदा होऊन बारगळली होती. बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली, आणि तिने १९७८ साली आकाशवाणी व दूरदर्शन यांच्यासाठी एक स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापण्याची शिफारस केली. या शिफारशी जशाच्या तशा स्वीकारण्याचे धैर्य जनता सरकारलाही झाले नाही. विरोधात असताना जी नभोवाणी अन्यायी वाटते, ती सत्तेवर येताच सोयीची वाटू लागते, या मोहास अपवाद असा पक्ष अजून जन्माला यावयाचा आहे. १९७९ साली पातळ केलेले एक विधेयक लोकसभेत आले आणि लोकसभेबरोबरच विरून गेले.

१९८० च्या जानेवारीत त्याच मतदारांनी इंदिराबाईंना पुन्हा प्रचंड बहुमत दिले. तीन वर्षांत मतदार विसरला, असे तेव्हा काहींनी खेदाने लिहिले. परंतु मतदार विसरला नव्हता. त्याने पुन्हा एकदा दाराशी पाहिले होते. भांडणारे मंत्री, कोसळलेले सरकार आणि चढलेले कांद्याचे भाव त्याला दिसले, आणि त्याने त्याप्रमाणे हिशेब केला. त्या वेळी रायबरेलीनेही इंदिराबाईंनाच निवडले.

वर्गीस समितीने सुचविलेल्या स्वायत्ततेचा एक अंश घेऊन प्रसार भारतीचा कायदा १९९० साली संमत झाला. तो अमलात येण्यास १९९७ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. रायबरेलीच्या त्या रात्रीला तोपर्यंत वीस वर्षे उलटून गेली होती.